समुद्रकाठच्या पोलिसी कादंबऱ्या: समुद्र नुसता देखाव्यापुरता का?

खारा_वारा (धागाकर्ता)

पोलिसी कादंबऱ्यांमध्ये किनाऱ्यावरच्या गावांची एक वेगळी शाखाच झाली आहे. साचा ठरलेला. छोटं बंदर, हिवाळा, वाळूवर प्रेत, बदली होऊन आलेला नाहीतर बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला अधिकारी, आणि सगळं माहीत असून गप्प बसलेलं गाव. मला हा प्रकार मनापासून आवडतो, म्हणूनच तक्रार करतोय. यातल्या बहुतेक पुस्तकांत समुद्र फक्त दिसतो. लाटा आपटतात, धुकं येतं, साहेब खिडकीतून पाण्याकडे बघत कॉफी संपवतात. तपासात समुद्राचं काम शून्य. तेच कथानक उचलून डोंगरातल्या गावात नेऊन ठेवा, फार तर बोटीच्या जागी जीप लिहावी लागेल.

माझं म्हणणं एवढंच की किनाऱ्यावरचा गुन्हा पाण्याच्या वेळापत्रकावर घडतो. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. भरतीरेषेच्या खाली प्रेत सापडलं तर ते घटनास्थळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणार. जमिनीवर फीत लावून, शिपाई उभा करून जागा दोन दिवस राखता येते. इथे पंचनामा, फोटो, ठसे, सगळं ओहोटीच्या त्या मोजक्या तासांत उरकायचं. पुस्तकात मात्र साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा 'जागेवर' जातात आणि त्यांना सिगारेटचं थोटूक सापडतं!

शिवाय पाणी सारख्या वेगाने चढत नाही. खलाशांचा एक ढोबळ हिशेब आहे: भरतीच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. ओहोटी-भरतीत सहा मीटरचा फरक असेल तर तिसऱ्या तासात दीड मीटर पाणी चढतं. त्या तासाच्या सुरुवातीला गुडघाभर पाण्यात असलेल्या माणसाच्या डोक्यावरून तास संपता संपता पाणी गेलेलं असतं.

आता यावर एक जबाब रचून बघा. संशयित म्हणतो, "साडेचारला मी खडकापर्यंत चालत गेलो, पाचला परत फिरलो." अधिकारी भरतीचा तक्ता उघडतो. साडेचारला तिथे पुरुषभर पाणी होतं. ना छुपा कॅमेरा, ना कबुली. असं प्रकरण मला वाचायचंय आणि ते फार क्वचित मिळतं. तुमचा अनुभव काय?

निवांत_वाचक

विषय आवडला, मत नाही पटलं. कादंबरी वाचणारा माणूस पंचांग घेऊन बसत नाही. किनाऱ्याच्या कथेची ताकद तक्त्यात नसून माणसांच्या गप्प बसण्यात असते. तीनशे उंबऱ्यांचं गाव, सगळे एकमेकांच्या बोटींवर काम केलेले, सगळ्यांच्या घरातलं कोणीतरी कधीतरी पाण्याने नेलेलं. तिथे पोलिसाने दार वाजवलं की काय होतं, ते मला बघायचं असतं. भरतीचे आकडे चुकले तरी मी माफ करतो, माणसं चुकली तर करत नाही.

बाकी या शाखेत न बोलता मान्य करायची एक गोष्ट आहेच. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर बेतलेली आठ पोलिसी पुस्तकं ॲन क्लीव्ह्ज यांनी 2006 ते 2018 मध्ये लिहिली. बेटांची वस्ती जेमतेम 23 हजारांच्या घरात, आणि प्रत्यक्षात तिथे खून म्हणजे अतिदुर्मिळ घटना. मालिकेतलं प्रमाण खरं असतं तर लोक नावा भरून पळाले असते. पण वाचताना हे एकदाही डोक्यात येत नाही, कारण माणसं खरी वाटतात.

जुना_जहाजी

खारा_वारा, हिशेब बरोबर मांडलात, पण तो सगळ्या किनाऱ्यांवर चालत नाही. भूमध्य समुद्रात बऱ्याच ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक वीतभर असतो. बाल्टिकमध्ये तर जवळपास नाहीच. मेक्सिकोच्या आखाताच्या मोठ्या भागात दिवसाला एकच भरती. आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात हाच फरक 16 मीटरपर्यंत जातो. त्यामुळे भूमध्य समुद्राकाठच्या गावात 'पावलांचे ठसे भरतीने पुसले' असं लिहिणारा लेखक घरी बसून लिहितोय हे लगेच कळतं. तिथे ठसे वाऱ्याने, लाटांनी पुसले म्हणा, चालेल.

दुसरं, तुमचा साडेचारचा जबाब. छापील तक्ता चंद्र-सूर्यावरून काढलेला असतो, हवामान त्यात नसतं. हवेचा दाब एक मिलीबारने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं. वादळी कमी दाब आणि वर समुद्राकडून जमिनीकडे वारा असेल तर पाणी तक्त्यापेक्षा बरंच वर. उलट जमिनीकडून वारा असेल तर खाली. बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल: "त्या दिवशीचा वारा कुठला होता?" मग पोलिसाला बंदरातल्या भरतीमापकाची त्या दिवसाची खरी नोंद काढावी लागेल. मापक बंदरात आणि खडक खाडीच्या तोंडाशी असेल तर पुन्हा वेळेचा फरक.

खारा_वारा

@जुना_जहाजी, अहो मग हे तर सोन्याहून पिवळं! तक्ता म्हणतो खोटं, मापक म्हणतं कदाचित खरं. दोन प्रकरणं आरामात निघतील.

डॉ_पालथा_घडा

मी न्यायवैद्यक विभागात काही काळ काम केलंय, तेव्हा शवविच्छेदनाच्या खोलीतून चार गोष्टी.

प्रेत वाळूवर आहे, डॉक्टर वाकतो, हात लावतो आणि म्हणतो, "काल रात्री दहा ते बारा." हे वाक्य आलं की मी पुस्तक मिटतो. पाण्यात शरीर हवेपेक्षा ढोबळमानाने दुप्पट वेगाने थंड होतं, त्यात पाण्याचं तापमान, प्रवाह, अंगावरचे कपडे, चरबी. तापमानावरून वेळ काढायची नेहमीची पद्धत इथे लंगडी पडते. पाण्यातून काढलेल्या शरीराबद्दल प्रामाणिक डॉक्टर तासांत बोलत नाही, दिवसांत बोलतो, आणि तेही हातचं राखून.

'बुडून मृत्यू' हेही एखाद्या खुणेवरून ठरत नाही. नाका-तोंडाशी बारीक पांढरा फेस, फुगलेली फुप्फुसं, हे दिसतं. पण यातलं काहीही फक्त बुडण्यातच होतं असं नाही, आणि शरीर कुजायला लागलं की फेसही जातो. बाकीची कारणं एकेक करून बाद करत शेवटी त्या निष्कर्षाला यायचं असतं. कादंबऱ्यांचा लाडका उपाय म्हणजे डायटम. सूक्ष्म शेवाळ, सिलिकाचं कवच असलेलं. माणूस जिवंतपणी बुडाला तर ते फुप्फुसातून रक्तात आणि तिथून अस्थिमज्जेपर्यंत पोचतं, मग त्या जागेच्या पाण्यातल्या नमुन्याशी जुळवायचं. ऐकायला झकास. पण नमुना दूषित होणं सोपं, आणि न बुडालेल्या माणसांच्या शरीरातही डायटम सापडल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तज्ज्ञांतच एकमत नाही. 'डायटम जुळले, केस संपली' हे पुस्तकातच होतं.

आता मला स्वतःला सगळ्यात भावणारी गोष्ट. पाण्यात प्रेत बहुधा पालथं असतं, डोकं आणि हातपाय खाली लोंबत. उथळ पाण्यात ते सरकत जातं तेव्हा कपाळ, हाताची मागची बाजू, गुडघे आणि पायाची बोटं तळाला घासली जातात. खेकडे आणि मासे आधी पापण्या, ओठ, कान अशा मऊ भागांवर येतात. नवखा शिपाई हे बघून सांगतो, "साहेब, तोंडावर मारलंय." कपाळ-बोटं-गुडघे हा क्रम ओळखणारा म्हणतो, थांब. आणि खरोखरच कोणी कपाळावर मारून पाण्यात ढकललं असेल तर? ती जखम त्याच घासल्याच्या खुणांखाली लपते. लेखकाला याहून चांगला पेच कुठे मिळणार?

ओळख पटवणं हा अजून एक भाग. काही दिवस पाण्यात राहिलं की हातापायाची जाड कातडी पांढरी पडून सुरकुतते आणि पुढे सुटून येते. तज्ज्ञ ती सुटलेली कातडी स्वतःच्या हातमोजा घातलेल्या बोटावर चढवून शाई लावतात आणि ठसा घेतात. हे दृश्य मी एकाही कादंबरीत नीट लिहिलेलं वाचलेलं नाही.

टवाळखोर_टिटवी

वाखु (वाचनखूण) साठवली. उद्या धागा पोलिसांनी उघडला तर माझी वाखु दाखवू नका.

डॉक्टर, एक भाबडा प्रश्न. पाण्यात टाकलेलं प्रेत वर येतंच का?

डॉ_पालथा_घडा

पाणी उबदार असेल तर कुजण्याचे वायू तयार होऊन काही दिवसांत वर येतं. पाणी फार थंड किंवा फार खोल असेल तर आठवडे लागतात, कधी येतच नाही. पण सगळं शरीर येईलच असं नाही. कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवर सॅलिश समुद्र आहे. तिथे 2007 पासून बूट घातलेली मानवी पावलं किनाऱ्याला लागत होती. वीसच्या आसपास. वर्तमानपत्रांनी मालिका-खुन्यापर्यंत मजल मारली. तपासात घातपाताचा पुरावा निघाला नाही: अपघात आणि आत्महत्या. पाण्यात सांधा कुजून पाऊल आपोआप सुटतं, आणि हल्लीचे खेळाचे बूट फोम आणि हवेच्या तळव्यांचे असल्यामुळे तरंगतात. जुने जड चामडी बूट तळाशीच राहायचे.

टवाळखोर_टिटवी

जेवण झाल्यावर वाचायला हवं होतं की आधी, तेवढं धाग्याच्या नावात टाका.

कलम_बहाद्दर

वकिली पेशामुळे माझा आक्षेप वेगळा. 'हे प्रकरण कोणाचं?' हा प्रश्न समुद्राकाठी जितका गमतीचा असतो तितका जमिनीवर नाही, आणि लेखक तो दोन ओळींत गुंडाळतात.

1982 च्या समुद्रविषयक कराराप्रमाणे किनाऱ्याच्या आधाररेषेपासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, हा त्या देशाचा प्रादेशिक समुद्र. तिथे देशाचा कायदा चालतो. तरीही त्या पट्ट्यातून नुसतं पुढे जाणाऱ्या परदेशी जहाजावर गुन्हा घडला तर किनाऱ्याच्या देशाने सहसा हात घालू नये असं त्याच करारात आहे. अपवाद म्हणजे गुन्ह्याचा परिणाम देशावर होत असेल, शांतता बिघडत असेल, कप्तानाने किंवा ध्वजदेशाच्या (जहाजावर ज्याचा झेंडा, त्या देशाच्या) वकिलातीने मदत मागितली असेल, किंवा अमली पदार्थांचा मामला असेल. 200 मैलांचा आर्थिक पट्टा मासे आणि तेलासाठी, खुनासाठी नव्हे. हे कितीतरी पुस्तकांत चुकतं. 12 मैलांपलीकडे जहाजावरच्या गुन्ह्याला सहसा ज्याचा झेंडा त्याचा कायदा.

आता कल्पना करा. दोन मच्छीमार बोटी, मालक एकाच गावातले, एकीवर दुसऱ्या देशाचा झेंडा. खलाशी पाण्यात पडतो तेव्हा बोट 11 मैलांवर होती की 13 वर? कप्तानाला आकडा बदलायचा मोह होणार. गावचा पोलीस तो आकडा कसा सिद्ध करणार?

जुना_जहाजी

करतो की. बोटीवरच्या नकाशा-यंत्राच्या स्मृतीत मार्ग साठलेला असतो. पुसला तरी पुसल्याचं दिसतं. मोठ्या जहाजांना एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप प्रक्षेपित करणारं यंत्र, सक्तीचं आहे, आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरच्या 300 टनांवरच्या जहाजांना 2004 च्या अखेरपासून. युरोपात 15 मीटरहून लांब मच्छीमार बोटींनाही ते लागतं. त्याखालच्या छोट्या बोटींवर सक्ती नाही, आणि लेखकाला हवी असलेली सगळी माणसं नेमकी त्याच बोटींवर असतात.

आणि यंत्र बंद करता येतं. कादंबरीत सहसा अधिकारी पडद्यावर ठिपका शोधत बसतो. खरं बघायचं असतं ते ठिपका कुठे नाहीसा झाला आणि किती वेळाने, कुठे परत उगवला. सहा मैलांच्या अंतराला चार तास लागले असतील तर मधल्या वेळात बोट कुठेतरी उभी होती.

निवांत_वाचक

तुम्ही सगळे मिळून कादंबरीचं तंत्रनिकेतन करताय. माझा मुद्दा पुन्हा मांडतो, या वेळी तुमच्याच पद्धतीने. मच्छीमार गावात खून कशावरून होईल? प्रेमप्रकरण, जुना सूड, दडलेला भूतकाळ, हे कुठेही होतं. त्या गावाचं आपलं कारण म्हणजे मासा. 2012 मध्ये स्कॉटलंडमध्ये डझनाहून जास्त कप्तानांना न्यायालयाने दंड केला, कारण ठरवून दिलेल्या कोट्याबाहेरचा बांगडा आणि हेरिंग वर्षानुवर्षं बिनबोभाट उतरवला जात होता. त्यात शेटलंडच्या बोटी होत्या. माल घेणाऱ्या कारखान्यात वजनाचा अधिकाऱ्यांना दिसणारा आकडा एक आणि खरा एक अशी सोय होती. विचार करा, किती लोकांना माहीत असेल! काट्यावरचा माणूस, ट्रक चालवणारा, हिशेब लिहिणारी, बँकेतला. त्या पैशावर गावात घरं उभी राहिली असणार. अशा गावात एखादा हिशेबनीस सापडला धक्क्याखाली, तर कोण बोलेल? गप्प बसण्यामागे गूढ वगैरे काही नसतं, घराचे हप्ते असतात.

खारा_वारा

निवांत, हे वाचून मी तुमच्या बाजूला अर्धा सरकलो. पण अर्धाच, कारण माझ्याकडे असं एक खरं प्रकरण आहे की जिथे तुमचा मासा आणि माझी भरती वेगळी करता येत नाही.

5 फेब्रुवारी 2004 ची रात्र, इंग्लंडच्या वायव्येला मोरकॅम बे. ओहोटीत तिथे मैलोनमैल वाळू उघडी पडते आणि वाळूतले शिंपले वेचायला माणसं आत जातात. उधाणाच्या दिवसांत पाण्याचा फरक दहा मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. बेकायदा आणलेले चिनी मजूर अंधारात काम करत होते, त्यांना ना तिथली भरती माहीत ना भाषा. तिथे पाणी फक्त समोरून येत नाही. वाळूतल्या घळी आधी भरतात आणि मागचा रस्ता तुटतो. किमान 21 जण बुडाले. त्यांच्या मुकादमाला 2006 मध्ये सदोष मनुष्यवध आणि इतर गुन्ह्यांबद्दल मिळून 14 वर्षांची शिक्षा झाली, आणि मजूर पुरवणाऱ्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा त्याच 2004 मध्ये आला.

पोलिसी तपास म्हणून बघा. शस्त्र नाही, हल्ला नाही, मारण्याचा हेतूही नाही. सिद्ध काय करायचं? त्या माणसांना त्या वेळी तिथे कोणी पाठवलं, आणि ती वेळ जीवघेणी आहे हे त्याला कळायला हवं होतं की नाही. म्हणजे भरतीचा तक्ता हाच मुख्य पुरावा. आणि शिंपल्यांचे पैसे कोणाच्या खिशात जात होते तो माग, म्हणजे निवांत यांचा मुद्दा. प्रेतं ओळखायची कशी, तर कागदपत्रं नाहीत, घरचे दुसऱ्या खंडात, कर्ज काढून पाठवलेले, बोलायला घाबरलेले.

डॉ_पालथा_घडा

हे प्रकरण मी शिकताना वाचलं होतं. यावर थेट कादंबरी बेतू नये असं वाटतं, नातेवाईक जिवंत आहेत. पण रचना म्हणून तुमचं बरोबर.

बंदरावरची_मांजर

पहिल्यांदाच लिहितेय, आतापर्यंत वाचनमात्र होते. एक गोष्ट कोणीच काढली नाही. छोट्या बंदरात प्रेत पाण्यातून काढतं कोण? पोलीस नाही. ब्रिटन-आयर्लंडमध्ये आरएनएलआय ही 1824 पासूनची बचाव-नौकांची संस्था आहे, आणि तिच्या बोटींवरचे बहुतेक जण स्वयंसेवक. दिवसा कोणी सुतार, कोणी मच्छीमार, कोणी शिक्षिका. पेजर वाजला की हातातलं टाकून धक्क्यावर. म्हणजे ज्यांचे जबाब घ्यायचे तेच सगळ्यात आधी मृतदेहाला हात लावतात, दोर बांधतात, वर ओढतात, गुंडाळतात. पुराव्याची साखळी सुरू होते तीच अशा माणसापासून जो कदाचित उद्या संशयित असेल. त्याचा डीएनए प्रेतावर सापडला तर? सापडणारच, त्यानेच तर काढलं!

आणि त्या गावचा पोलीसही कदाचित त्याच बोटीवर कधीतरी गेलेला असतो.

कलम_बहाद्दर

वा! पहिल्याच प्रतिसादात षटकार. उलटतपासणीत मी हे सोडलं नसतं.

याला जोडून: गावातल्या अधिकाऱ्याचा सख्खा मेहुणा संशयित असेल तर तपास दुसऱ्याकडे जातो. पुस्तकांत मात्र 'मला एक दिवस द्या' म्हणून नायक चालूच ठेवतो. असा अधिकारी साक्षीला उभा राहिला की सरकारी पक्षाचं प्रकरण तिथेच गळायला लागतं. बाहेरचं पथक येतं, त्यांना ना वाटा माहीत ना बोली, आणि हा माहीतगार माणूस बाजूला बसून बघतो. कादंबरी इथून सुरू व्हायला हवी असं माझं मत.

निवांत_वाचक

मांजरबाई, लिहित्या राहा. हा प्रसंग मी पैसे देऊन वाचेन.

टवाळखोर_टिटवी

आतापर्यंतचा हिशेब: तक्ता, मापक, पालथं प्रेत, दोन झेंडे, काट्याचे दोन आकडे, गायब ठिपका आणि पेजर. सहाशे पानं झाली. खुनी कोण ते ठरवलंय का कोणी?

अवांतर: बुडालेल्या बोटीतल्या सुऱ्यावर बोटांचे ठसे मिळतात का हो? की तेवढं तरी पाणी पुसतं?

डॉ_पालथा_घडा

माझा विषय नाही, पण प्रयोगशाळेतल्या मंडळींकडून पाहिलंय: ओल्या वस्तूंवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची बारीक पूड पाण्यात घोळवून फवारतात. ठशातला घाम विरघळून जातो, तेलकट अंश राहतो, त्याला पूड धरते. किती दिवस टिकेल हे पाणी आणि पृष्ठभागावर. धातू-काच असेल तर आशा असते. खारं पाणी धातू खातं, तेव्हा घाई करायची. आणि सुरा बाहेर काढून आधी वाळवायचा नाही.

जुना_जहाजी

वाळूतल्या पावलांचंही तेच. ओल्या वाळूत ठसा चांगला उठतो, साचा ओतता येतो, पण साचा घट्ट व्हायला अर्धा तास लागतो आणि पाणी काही थांबत नाही. खारा_वारा, ते साडेचारचं प्रकरण लिहायला घेणार असाल तर वाऱ्याची दिशा, चंद्राची तिथी आणि खडकाची उंची कळवा. पाणी कुठवर येईल ते काढून देतो. खुनी तुमचा तुम्ही ठरवा.

खारा_वारा

पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, कमी दाब, समुद्राकडून वारा, खडक मध्यम पातळीच्या हातभर वर. आणि तो खडकापर्यंत गेला होता, जबाब खरा आहे. फक्त चालत नाही, बोटीने.